सोनोग्राफीत गाठ दिसली नाही, म्हणजे गाठ नाही का?

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: "अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात काय कमी आहे तेही सांगा." निम्मे उमेदवार "सॅम्पल साइज लहान होता" एवढं म्हणून मोकळे होतात. म्हणून आज मुद्दाम असा पेपर घेतलाय, ज्याला हे उत्तर चालणारच नाही. सॅम्पल मोठं आहे, चाचणी रँडमाइज्ड आहे, जर्नल पहिल्या रांगेतलं आहे आणि काम आपल्या परळला झालेलं आहे. अशा पेपरवर टीका करायची तर नीट वाचावं लागतं, आणि तेच शिकायचंय.

पेपर आहे टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१५ साली आलेला. विषय तोंडाचा कॅन्सर आणि मानेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड. मी त्याच्याकडे बघणार आहे ते सोनोग्राफीच्या बाजूने.

आधीच एक सांगते. मी डॉक्टर नाही. एम.एस्सी. फिजिक्समध्ये केलं आणि आता पीएच.डी. मेडिकल इमेजिंगमध्ये चालू आहे. त्यामुळे हे उपचाराचं मार्गदर्शन समजू नका. घरात कुणाला गाठ असेल तर निर्णय त्यांच्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

प्रोब नक्की काय बघतो?

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे आजीपासून सगळ्यांना माहीत असतं. ते अवधाण म्हणजे सुजलेला लिम्फ नोड. पायात जंतू शिरले, नोड कामाला लागला आणि फुगला. तोंडात कॅन्सर असेल तर त्याच्या पेशी त्याच वाटेने मानेतल्या नोडमध्ये पोचतात. अडचण अशी की किडलेल्या दातामुळे फुगलेला नोड, टीबीचा नोड आणि कॅन्सरचा नोड, तिन्ही हाताला गाठच लागतात. आणि कॅन्सर शिरलेला पण अजून न फुगलेला नोड हाताला काहीच लागत नाही.

सोनोग्राफी इथे मदतीला येते. निरोगी नोड पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो: लांबट, कडेला गडद आणि मधे पांढरट पट्टा. तो पट्टा म्हणजे हायलम, रक्तवाहिन्या आत शिरायची जागा. कॅन्सर शिरला की नोड गोलसर होतो, लांबी आणि जाडीचं गुणोत्तर २ च्या खाली येतं, हायलम पुसट होतो किंवा दिसेनासा होतो, आणि डॉपलर लावला तर रक्तप्रवाह मधून न येता कडेने आलेला दिसतो. हाँगकाँगचे अनिल आहुजा आणि मायकेल यिंग यांनी या खुणांवर बरंच काम केलंय. त्यातला आपल्याला लागू पडणारा भाग असा की टीबीच्या नोडमध्येही हायलम जातो आणि आतला भाग सडून पाण्यासारखा दिसतो. एकमेकांना चिकटलेल्या गाठी, आजूबाजूला सूज अशा काही खुणांवरून टीबीचा संशय येतो, पण खात्री सुईने पेशी काढून तपासल्यावरच होते. म्हणजे टीबी दुर्मीळ असलेल्या देशात ठरवलेले निकष महाराष्ट्रात जसेच्या तसे वापरले तर खोट्या धोक्याच्या घंटा वाढणार.

आता फिजिक्स. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग साधारण १५४० मीटर प्रति सेकंद धरतात. प्रोबची वारंवारता १० मेगाहर्ट्झ असेल तर तरंगलांबी येते ०.१५४ मिलिमीटर. दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात निदान तेवढं, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, अंतर हवं. पॅथॉलॉजीत ०.२ ते २ मिलिमीटरच्या साठ्याला मायक्रोमेटास्टॅसिस म्हणतात. गणित बघून वाटेल की मग ते दिसायला हवं. पण पडद्यावर फरक दिसायला नुसतं अंतर पुरत नाही. आजूबाजूच्या ऊतीपेक्षा त्या ठिकाणी ध्वनी वेगळा परावर्तित व्हावा लागतो. नोडमधल्या पेशींच्या गर्दीत कॅन्सर पेशींचा छोटा पुंजका तसा वेगळा उठून दिसत नाही. नोडचा आकार बदलेपर्यंत, हायलम सरकेपर्यंत प्रोबला बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. थोडक्यात, सोनोग्राफी कॅन्सर बघत नाही. कॅन्सरने नोडच्या रचनेत केलेली उलथापालथ बघते.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेपर काय सांगतो

तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ लागत नाही. तोंडातला ट्यूमर तर काढायचाच. पण मानेतले नोड त्याच वेळी काढून टाकायचे, की थांबायचं आणि गाठ आली तर मग काढायचे? हा वाद जुना आहे. टाटामध्येच १९८९ साली जिभेच्या कॅन्सरवर अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, पण रुग्ण होते ७०. जगण्यातला फरक ठामपणे दाखवायला ती संख्या पुरणारी नव्हती.

नव्या चाचणीत २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण घेतले. पेपरमध्ये पहिल्या ५०० जणांचा हिशोब आहे: २४५ जणांचे नोड आधीच काढले, २५५ जणांच्या बाबतीत वाट बघितली. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८०.० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. फरक साडेबारा टक्क्यांचा. १०० ला १२.५ ने भागा: आठ जणांचे नोड आधीच काढले तर त्यातला एक मृत्यू टळतो. आजार परतल्याच्या घटना ८१ विरुद्ध १४६. त्याची किंमतही आहे. शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम ६.६ टक्के विरुद्ध ३.६ टक्के.

या निकालाने वैद्यकीय व्यवहार बदलला आणि ते योग्यच झालं. माझी टीका निकाल उलटवण्यासाठी नाही. आपण निकालाच्या कडा तपासतोय.

'थांबा आणि बघा' यातलं 'बघा'

या चाचणीची नोंदणी झाली तेव्हा तिच्यात एक प्रश्न नव्हता. सुरुवातीच्या तपासणीत सोनोग्राफीचा उपयोग आहे का, आणि नंतरच्या फेऱ्यांमध्ये नुसती हाताने तपासणी पुरते की जोडीला सोनोग्राफी हवी, हेही विचारलं होतं. नंतरच्या तपासणीसाठी रुग्णांची वेगळी विभागणीही होती: काहींची मान फक्त हाताने चाचपायची, काहींची चाचपून शिवाय सोनोग्राफीही करायची.

आता पेपरचा सारांश उघडा. सोनोग्राफी हा शब्द त्यात नाही. मुख्य निष्कर्ष पहिल्या प्रश्नाचा आहे आणि वाट बघणारा गट एकसंध धरलेला आहे.

मला खटकतं ते इथे. 'थांबा आणि बघा' ही एक कृती नाही, दोन आहेत. थांबणं सगळ्यांचं सारखंच. बघणं मात्र बोटांनी की प्रोबने, किती आठवड्यांनी, कुणाच्या हाताने, यावर अवलंबून. वाट बघणाऱ्या गटात जास्त लोक दगावले, तर दोष थांबण्याचा की बघण्याचा? बघायचं साधन सुधारलं तर फरक कमी होईल का? निकालाची ओळ वाचून हे कळत नाही.

यावर लेखकांच्या बाजूने चांगला बचाव आहे, तोही ऐका. एका पेपरमध्ये एकच प्रश्न नीट सोडवावा. शिवाय गटाचे आणखी तुकडे केले की प्रत्येक तुकड्यातल्या घटना कमी होतात आणि आकडे डळमळतात. २५५ जणांत ७९ मृत्यू आहेत. ते दोन भागांत वाटले तर सोनोग्राफीमुळे झालेला छोटा फरक पकडायची ताकद उरत नाही. मला हा बचाव पटतो. पण त्याचा अर्थ असा की पहिल्या प्रश्नासाठी आखलेलं सॅम्पल दुसऱ्या प्रश्नाला आपोआप पुरत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'दुय्यम उद्दिष्टे' म्हणून चार ओळी टाकताना हा हिशोब करा. गाइडने नाही विचारला तरी बाहेरचा परीक्षक विचारेल.

दुसरी एक संधी या आराखड्यात दडलेली आहे, ती मला फार आवडते. निदान चाचण्यांवरच्या पेपरमध्ये एक जुनी खोड असते. सोनोग्राफीत संशय आला की सुई टाकायची किंवा ऑपरेशन करायचं, संशय नाही आला तर घरी पाठवायचं. मग चुकलेल्या केसेस मोजणार कोण? ज्यांची पडताळणीच झाली नाही, ते 'निगेटिव्ह' म्हणून हिशोबात बसतात आणि चाचणी आहे त्याहून हुशार दिसते. याला पडताळणीचा पूर्वग्रह म्हणा. टाटाच्या पहिल्या गटात मात्र सोनोग्राफी काहीही म्हणो, प्रत्येकाचे नोड काढून पॅथॉलॉजीला जाणार होते. सोनोग्राफीच्या अचूकतेचा अभ्यास करायला याहून स्वच्छ गट मिळणं कठीण. एका प्रश्नासाठी केलेला आराखडा दुसऱ्या प्रश्नाला असा फुकट फायदा देतो. असे गट वाचताना हेरायला शिका, पुढच्या पेपरची बीजं तिथेच असतात.

'९७ टक्के खात्री'चा हिशोब

आता थोडं गणित. पुढचे आकडे माझे, समजावण्यापुरते घेतलेले आहेत.

समजा १०० रुग्ण आहेत आणि ३० जणांच्या नोडमध्ये लपलेला कॅन्सर आहे. सोनोग्राफी त्यातले ६० टक्के पकडते, आणि ज्यांना नाही त्यांतल्या ८० टक्के लोकांना बरोबर 'नाही' म्हणते. ३० पैकी १८ सापडले, १२ निसटले. ७० पैकी ५६ बरोबर सुटले, १४ उगाच अडकले. ज्यांना 'स्वच्छ' म्हणून सांगितलं ते ६८ जण, त्यातले ५६ खरे. म्हणजे 'स्वच्छ' या शब्दाची खात्री सुमारे ८२ टक्के.

तेच यंत्र, तोच रेडिओलॉजिस्ट अशा ठिकाणी न्या जिथे १०० पैकी ५ जणांनाच आजार आहे. ३ सापडतात, २ निसटतात. ९५ पैकी ७६ बरोबर सुटतात. 'स्वच्छ' म्हटलेले ७८, त्यातले ७६ खरे. खात्री ९७ टक्के! पेपरच्या सारांशात हा आकडा मस्त दिसेल. पण प्रोब न लावता, डोळे मिटून सगळ्यांना 'स्वच्छ' म्हटलं असतं तरी ९५ टक्के बरोबर आलं असतं. सोनोग्राफीने भर घातली ती दोन-अडीच टक्क्यांची.

म्हणून निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू दिसली की आधी विचारा, त्या गटात आजाराचं प्रमाण किती होतं? आणि पुढचा प्रश्न, मोजलं काय: नोड, मानेची बाजू की माणूस? एका माणसाच्या मानेतले दहा नोड दहा स्वतंत्र नमुने नसतात. नोड मोजून सॅम्पल फुगवलेले पेपर तुम्हाला भरपूर सापडतील.

त्याच प्रोबची काखेतली गोष्ट

आता शेजारी दुसरा पेपर ठेवूया. इटलीतल्या मिलानच्या संशोधकांनी चालवलेली 'साउंड' नावाची चाचणी, २०२३ साली 'जामा ऑन्कॉलॉजी'त आली. स्तनाचा कॅन्सर, ट्यूमर २ सेंटिमीटरपर्यंत, आणि सोनोग्राफीत काखेत कॅन्सरच्या खुणा नाहीत अशा स्त्रिया. १४०५ जणींचा हिशोब. अर्ध्या जणींचा काखेतला सेंटिनेल नोड काढून तपासला, अर्ध्या जणींच्या काखेला हातच लावला नाही. पाच वर्षांनी शरीरात दूर कुठे आजार न पसरता जगण्याचं प्रमाण ९७.७ आणि ९८.० टक्के. फरक नाहीच म्हणा.

पण आतला आकडा बघा. ज्यांचा नोड काढला, त्यांतल्या १३.७ टक्के जणींच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला. सोनोग्राफीने त्यांना 'स्वच्छ' म्हटलं होतं! दुसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच जणी असणार, त्यांना कुणी शोधलं नाही, आणि तरी पाच वर्षांत फरक पडला नाही. कारण या स्त्रियांना बहुतेक रेडिएशन मिळालं होतं आणि ट्यूमरच्या गुणधर्मांनुसार औषधंही मिळाली होती. प्रोबच्या हातून निसटलेलं पुढच्या उपचाराने बऱ्याच अंशी सांभाळलं असावं.

तोंडाच्या लवकरच्या कॅन्सरमध्ये अनेकदा शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असतो. मागे झेल घ्यायला कुणी उभं नसतं. निसटलेला नोड वाढतो आणि गाठ म्हणून परत येतो, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दोन्हीकडे प्रोब नोड चुकवतो. एकीकडे ती चूक परवडते, दुसरीकडे जीवावर बेतते.

माझ्या मते या दोन पेपरमधून घ्यायची सर्वांत मोठी गोष्ट हीच. चाचणी किती वेळा चुकते हा अर्धा प्रश्न झाला. चुकल्यावर पुढे काय होतं, हा उरलेला अर्धा. अचूकतेवरचे बहुतेक पेपर दुसऱ्या अर्ध्याला हात लावत नाहीत आणि शेवटी 'रुग्णांना उपयुक्त' असं लिहून टाकतात. तो शब्द त्यांनी कमावलेला नसतो.

माथेरानहून परळ

टाटाच्या पेपरला विचारायचा शेवटचा प्रश्न: हा निकाल कुणाला लागू पडतो? चाचणी एकाच केंद्रात झाली, तेही दरवर्षी प्रचंड संख्येने असे रुग्ण बघणाऱ्या. बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कॅन्सरचे होते, आणि आपल्याकडे तंबाखू गालात धरून ठेवल्याने होणारा कॅन्सर गाल-हिरडीचाही खूप असतो. तिथे हेच आकडे जसेच्या तसे येतील असं गृहीत धरू नका.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते अंतर. मी राहते माथेरानला. इथे मोटारगाड्यांना बंदी आहे. बाजारातून परळला जायचं तर आधी चालत, घोड्यावर, रिक्षातून नाहीतर शटलने दस्तुरी नाक्यापर्यंत, तिथून टॅक्सीने घाट उतरून नेरळ, नेरळहून लोकल. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. पर्यटक घटतात, कमाई घटते, आणि घोडेवाल्याचा एक दिवस बुडणं म्हणजे काय हे सांगायला नको. 'वाट बघा' हा पर्याय कागदावर स्वस्त दिसतो, कारण ऑपरेशन टळतं. पण त्यात पहिली दोन वर्षं पुन्हा पुन्हा या फेऱ्या आल्या. एक चुकली, दुसरी पुढे ढकलली, आणि तेवढ्यात नोड वाढला तर? कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधूनही हीच कथा.

आता नीट बघा, ही त्रुटी कुठल्या दिशेला ओढते. चाचणीतल्या रुग्णांचा पाठपुरावा प्रत्यक्षातल्यापेक्षा चांगलाच असतो, कारण कुणीतरी त्यांची यादी धरून बसलेलं असतं. तरीही वाट बघणारा गट मागे पडला. मग ज्यांच्या फेऱ्या चुकणारच आहेत, त्यांच्या बाबतीत वाट बघणं आणखी महाग पडेल. म्हणजे ही मर्यादा पेपरच्या निष्कर्षाला दुबळं करत नाही, उलट बळ देते. आधीची तक्रार मात्र उलट दिशेला ओढते: चांगली आणि वेळेवर सोनोग्राफी मिळाली तर फरक कदाचित कमी होईल. शिवाय निकाल अंतरिम टप्प्यावर, पहिल्या ५०० वर जाहीर झाला. असे निकाल फरक थोडा फुगवून दाखवतात, हे संख्याशास्त्रात माहीत असलेलं आहे. तीन त्रुटी, आणि त्या सगळ्या एका दिशेला ओढत नाहीत. मुलाखतीत नुसती त्रुटी सांगू नका. तिची दिशा सांगा, समोरचे सरसावून बसतील.

"मग पोर्टेबल यंत्रच वर न्या की," असं तुमच्यातला कुणीतरी म्हणणार. छान कल्पना आहे, पण प्रपोजल लिहिण्याआधी पीसीपीएनडीटी कायदा वाचा. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, आणि पोर्टेबल यंत्र कुठे वापरता येईल यावर नियमांत बंधनं आहेत. मान बघायला आणलेलं यंत्र पोटही बघू शकतं, म्हणून हे बंधन आहे आणि ते असायला हवं. पण 'स्वस्त, हलकं, कुठेही नेता येणारं' अशी परदेशी पेपरमधली वाक्यं आपल्या प्रस्तावनेत उचलून टाकली, तर आपल्या जिल्ह्यात ती लागू होत नाहीत. आणि यंत्र पोचलं तरी बघणारा हात कुठून आणणार? दोन रेडिओलॉजिस्ट एकाच नोडबद्दल किती वेळा एकमत होतात, हे मोजल्याशिवाय निकष ठरवण्यात अर्थ नाही.

आता तुमचं काम

या आठवड्यात तुमच्या विषयातला अचूकतेवरचा एक पेपर घ्या. वहीत पाच ओळी लिहा. आजाराचं प्रमाण किती? निगेटिव्ह आलेल्यांची पडताळणी झाली का? मोजायचं एकक कोणतं? चाचणी चुकली तर त्या माणसाचं पुढे काय होतं? आणि सापडलेली प्रत्येक त्रुटी निष्कर्षाला कुठल्या बाजूला ओढते? पाचव्या ओळीला वेळ लागेल, लागू द्या. पहिल्या चार ओळी लिहिता आल्या तर पेपर वाचून झाला. पाचवी लिहिता आली तर त्यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे, आणि मुलाखतीत तेच ऐकायचं असतं.

पुढच्या पोस्टमध्ये दोन निरीक्षकांचं एकमत मोजायचा कॅप्पा घेऊ. तोवर टाटाचा मूळ पेपर शोधून त्यातली आकृती समोर ठेवा. दोन रेषा नक्की कुठल्या महिन्यात एकमेकींपासून दूर जायला लागतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि ते तेव्हाच का होत असेल याचा अंदाज बांधा.